मोजणीसाहेबांची पाणसळ

आमच्या गल्लीतले एक गृहस्थ तीन वर्षं आडवे झोपले नाहीत. आजारी होते म्हणून नव्हे. आजार त्यांचा पहिल्या आठ-दहा दिवसांतच बरा झाला होता.

तुम्हा दोघांना ते आठवतील. तुम्ही सुट्टीत परभणीला आला होतात, तेव्हा समोरच्या ओट्यावर एक उंच, ताठ आजोबा दाढीचा आरसा छातीशी धरून बसायचे. तुमच्यातल्या धाकटीनं मला विचारलं होतं, "ते आजोबा सारखं स्वतःचं तोंड का बघतात?" ते तोंड बघत नव्हते, आभाळ बघत होते. मान वर करायची त्यांना मनाई होती. म्हणून आरसा तिरपा धरून त्यात उतरलेले ढग बघायचे आणि आत आवाज द्यायचे, "ऐकलं का, वाळवणं आत घे. जिंतूरकडून भरून यायलंय."

गेल्या महिन्यात ते गेले. त्यांची मुलगी नांदेडहून घर आवरायला आली होती. तिनं त्यांची पाणसळ मला आणून दिली. पाणसळ म्हणजे गवंडी जिला लेव्हल म्हणतात ती. वीतभर लाकूड, त्यात काचेची नळी, नळीत हिरवं पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. जागा सपाट असेल तर बुडबुडा मधोमध थांबतो. परवा फोनवर तुम्हाला माझ्या खिडकीत दिसली ती हीच. तुम्ही विचारलंत आणि मी नंतर सांगते म्हणाले, कारण ती दोन मिनिटांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, आणि तिच्यात माझीही एक चूक आहे.

त्यांना सगळे मोजणीसाहेब म्हणत. भूमी अभिलेख खात्यात त्यांनी सगळी नोकरी शेतं मोजण्यात घालवली. आमच्या जिल्ह्यात असा बांध नसेल ज्यावर त्यांनी उन्हात उभं राहून दोन भावांची भांडणं ऐकली नाहीत. त्यांचं एकच वाक्य गावोगाव माहीत होतं. ते त्यांनी पहिल्यांदा झरीच्या शिवारात म्हटलं, असं ते सांगत. दोन भावांपैकी कुणीतरी हद्दीचा दगड हातभर सरकवला होता. दोघंही शपथा घेत होते. त्यांची म्हातारी आई बांधावर बसून सगळं ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "सायेब, मंग जिमीनच हालली आसंल का?"

"जमीन हलत न्हाई, आई," साहेब म्हणाले. "मानसं हलवत्यात."

म्हातारी उठली आणि थोरल्याच्या पाठीत एक धपाटा घातला. दगड कुणी सरकवला ते तिला आधीपासून माहीत होतं. साहेबांनी जुन्या मोजणीचं टिपण काढून ताडून बघितलं, दगड जुन्या जागी बसवून घेतला. आणि धाकट्याला मात्र बाजूला घेऊन सांगितलं की एकदा हललेल्या दगडाखालची माती पोकळ राहते, तेव्हा दर पावसाळ्यानंतर येऊन बघत जा. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा. ते पुढे त्यांच्याच वाट्याला आलं.

निवृत्तीनंतर त्यांनी मोजणं सोडलं नाही. गल्लीतल्या नालीचा उतार, माझ्या पुस्तकांच्या मांडणीचा तोल, कुणाच्या नव्या ओट्याची पातळी, सगळ्यावर पाणसळ ठेवून बघत. माझी मांडणी खिडकीच्या बाजूला उतरती निघाली तेव्हा त्यांनी पुठ्ठ्याची घडी करून पायाखाली सरकवली. "बाई, इंग्रजी पुस्तकं घसरायलीत तुमची," एवढंच म्हणाले. ती घडी अजून तिथे आहे.

आणि वर्षातून एकदा ते आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, चारठाण्याला जायचे. ते वहिनींचं माहेर. एसटीनं उतरलं की आधी माहेरी न जाता तिथल्या एका जुन्या देवळात जायचं, हा त्यांचा ठरलेला क्रम. मंडपाच्या छतात एक दगडी कमळ कोरलेलं आहे. साहेब गार फरशीवर उताणे झोपायचे, हाताची उशी करून, आणि कमळाच्या एकेका वेढ्यातल्या पाकळ्या मोजून मोठ्यानं आकडे सांगायचे. वहिनी शेजारी मांडी घालून वहीत लिहायच्या. मी एकदा विचारलं, "दरवर्षी आकडे तेच येत असतील ना?"

"तेच येत्यात," साहेब म्हणाले. "म्हनून तर जातो."

वहिनी चहा गाळत होत्या. "मी कशाला जाते ते बी सांगा की," त्या म्हणाल्या. "आख्ख्या वर्सात तेवढाच एक घंटा हे मला काही तरी सांगत्यात आन् मी ऐकत बसते."

आता आजाराकडे येते. एके दिवशी सकाळी सहाच्या सुमाराला, मी दूध तापवत असताना, समोरून ओरडणं ऐकू आलं: "भूकंप! बाहेर या, सगळे बाहेर या." आमच्या भागात जमीन अधूनमधून गुरगुरते, त्यामुळे कुणी विचार करत बसलं नाही. दहा मिनिटांत सगळी गल्ली रस्त्यावर होती, कुणी टॉवेल गुंडाळून, कुणी तोंडात ब्रश घेऊन. साहेब ओट्याच्या पायऱ्यांवर दोन्ही हातांनी दगड घट्ट धरून बसले होते. चेहरा पांढराफटक, डोळे मिटलेले. वहिनी हात धरून उठवायला लागल्या की ते म्हणायचे, "हलवू नको, अजून हलायलंय."

काहीच हलत नव्हतं. शेजारच्या अंगणात पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली होती. त्या घरची सून म्हणाली, "साहेब, बादलीतलं पाणी तर हललं न्हाई."

साहेबांनी एक डोळा उघडून बादलीकडे बघितलं. पाणी खरंच स्थिर होतं. त्यांच्या तोंडावर जे उमटलं ते मी विसरलेले नाही. भूकंपाची भीती त्याहून बरी असावी. मग कुणीतरी हसलं. पुढे बरेच दिवस पोरं त्यांना बघून "हललं का हो साहेब" असं विचारत. ते उत्तर देत नसत. पण त्या दिवसापासून पाणसळ त्यांच्या खिशात गेली. जरा कसंसं वाटलं की ती काढून जवळच्या कठड्यावर, खुर्चीच्या हातावर, एसटीत असले तर मांडीवरच्या डब्यावर ठेवत. बुडबुडा बघत आणि पुटपुटत, "घर जाग्यावर हाय. मीच फिरायलोय." तेवढं नक्की झालं की धीर यायचा.

उजव्या कुशीवर वळलं की घर गरगर फिरायचं, वर बघितलं की फिरायचं, वाकलं की फिरायचं. अर्धं मिनिट, कधी त्याहून थोडं जास्त. तेवढ्यानं उलटी व्हायची. आठ दिवस त्यांनी हे सोसलं आणि मग सरकारी दवाखान्यात गेले. कानाच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. पुढचं मला वहिनींनी सांगितलं: डॉक्टरीणबाईंनी साहेबांना टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवून एकदम मागे झोपवलं, डोकं टेबलाच्या कडेखाली लोंबतं ठेवून. साहेबांचे डोळे बुबुळांसकट थरथरायला लागले. वहिनी घाबरल्या. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, थांबा, थांबेल. थरथर थांबली तशी मान दुसरीकडे, मग सगळं अंग कुशीवर, मग उठून बसा. पाच मिनिटांचं काम. कानात अगदी बारीक खडे असतात, ते जागा सोडून भलत्या नळीत गेले होते, ते परत जागी घातले, असं त्यांनी समजावलं.

त्या पाच मिनिटांनी गरगर थांबली ती थांबलीच. घर पुन्हा कधी फिरलं नाही. हे मी मुद्दाम ठळकपणे सांगते आहे.

दुपारी साहेब दवाखान्याचा कागद घेऊन माझ्याकडे आले. कागद इंग्रजीत होता. मी शाळेत इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे गल्लीतला इंग्रजी कागद वाचायचा म्हणजे माझ्याकडे यायचा, हा रिवाज होता. मी वाचून सांगितलं. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. "बाई, मराठीत लिहूनच द्या." मी माझ्या सवयीप्रमाणे कोरा ताव घेतला, समास आखला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

फेरतपासणी होईपर्यंत आडवे झोपू नये. मान वर करू नये. खाली वाकू नये.

आणि "फेरतपासणी होईपर्यंत" या शब्दांखाली पट्टीनं लाल रेघ मारली. शाळेत महत्त्वाच्या शब्दाखाली मी मारत असे तशी.

तो ताव त्यांनी पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटवला. वहिनींनी तिथल्या तिथे सांगितलं, "आवो, त्या डाक्टरीणबाई माझ्यासमोर म्हनल्या की, दोन-तीन रात्री बसून झोपा, मंग काय न्हाई."

"कागदावर हाय का?"

"कागदावर न्हाई. म्या माझ्या कानानं ऐकलंय."

"तोंडी हुकमावर मी कधी एक दगड हलवला न्हाई," साहेब म्हणाले आणि आरामखुर्चीत पाठ सरळ करून बसले.

ठरल्या दिवशी ते फेरतपासणीला गेले. डॉक्टरीणबाईंची मुदत संपली होती, त्या पुढच्या शिक्षणाला निघून गेल्या होत्या. त्यांच्या जागी बसलेल्या डॉक्टरांनी विचारलं, चक्कर येते का? साहेब म्हणाले, नाही. मग झालं की, डॉक्टर म्हणाले. साहेबांनी ते कागदावर लिहून मागितलं. मागे रांग होती. डॉक्टरांनी "तक्रार नाही" असं इंग्रजीत लिहिलं, खाली ताकदीच्या गोळ्या लिहिल्या आणि पुढच्याला बोलावलं.

तो कागदही माझ्याकडे आला. साहेबांनी विचारलं, "यात मनाई उठवल्याचं कुठं हाय?"

मी दोनदा वाचला. "नाही," मी म्हणाले.

मला त्या वेळी म्हणता आलं असतं की, तक्रार नाही याचाच अर्थ मनाई नाही. सरळ होतं. पण जे लिहिलेलं नाही ते मी आयुष्यभर कधी वाचून दाखवलं नाही. विद्यार्थिनींचे त्याबद्दल गुण कापत आले. तर मी "नाही" म्हणाले आणि साहेब मान हलवून, म्हणजे मान न हलवता डोळे मिटून होकार देऊन, घरी गेले. मी त्यांना दारातून हाक मारली, "अहो, त्या डॉक्टर तर गेल्या."

"बाई, तहसीलदार बदलला म्हनून सातबारा बदलतो का?"

अशी तीन वर्षं गेली. झोपायचे आरामखुर्चीत, दोन्ही बाजूंनी उशा लावून. पाणी नळीनं प्यायचे, कारण तांब्या वर करायचा तर मान मागे जाते. न्हावी दाढीला आला की हनुवटीखालचे केस तसेच राहायचे. समोरून बघावं तर गुळगुळीत आणि बाजूनं बघावं तर पांढऱ्या काट्यांची झालर. खाली पडलेलं उचलायला बांबूचा लांब चिमटा स्वतः बनवला होता. पंगतीत बसणं सोडलं. देवाला नमस्कार डोळ्यांनी. गल्लीत गाडी आली तरी वळून बघायचे नाहीत, सगळं अंग घेऊन वळायचे, एखादं कपाट सरकवावं तसं. लोक म्हणायचे, साहेबांचा आजार लय चिवट. आजार नव्हताच. मी हे बघत होते आणि मला वाटायचं, बरं झालेलं माणूस असं दिसतं का?

त्या काळातही दोघं चारठाण्याला गेली. साहेबांनी आरसा नेला होता. मंडपात उभं राहून आरशात कमळ धरलं आणि मोजायला लागले. वहिनी वही घेऊन बसल्या. पहिल्या वेळी एक आकडा आला, दुसऱ्या वेळी दुसरा. तिसऱ्यांदा मोजताना मध्येच थांबले आणि म्हणाले, "वही मिट." परत येताना जिंतूरपासून परभणीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "आरशात हात हलतो, बाई. दगड जाग्यावरच हाय, पर आकडा हलतो."

त्याच आठवड्यात वहिनी दुपारच्या एकट्या माझ्याकडे आल्या. कधी बसत नसत, त्या दिवशी बसल्या.

"बाई, तो कागद तुमीच लिहिला. आता दुसरा तुमीच लिहून द्या. तुमचं अक्षर बघितलं की ऐकत्यात ते."

"मी डॉक्टर नाही, वहिनी. असं खोटं कसं लिहू?"

"खोटं कामून? चक्कर न्हाईच त्यांना."

"पण मनाई मी कशी उठवणार?"

वहिनींनी माझ्या टेबलाकडे बघितलं. "मनाई तुमची न्हाई, ते खरं," त्या म्हणाल्या. "पर लाल रेघ तुमची हाय." आणि उठून गेल्या. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी त्यानंतरही काही केलं नाही. दुसऱ्यांच्या घरात आपण पडू नये असं स्वतःला सांगत राहिले. पाच-सहा महिने तसेच गेले.

मग एक दिवस सकाळी नऊच्या सुमाराला समोरून माझ्या नावानं हाक आली. साहेबांनी मला नावानं कधी हाक मारली नव्हती, बाईच म्हणत. मी आणि दूधवाली धावत गेलो. वहिनी मोरीत घसरून पडल्या होत्या. पाय विचित्र वळलेला, पातळ भिजलेलं, आणि त्या दात आवळून गप्प होत्या. साहेब मोरीच्या दारात भिंत धरून उभे होते, ताठ. एक हात वहिनींच्या दिशेनं खाली पसरलेला होता आणि तो हात वहिनींच्या हातापासून दीड हातावर थांबलेला होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मान खाली न गेल्यामुळे ते गालांवरून सरळ हनुवटीखालच्या त्या पांढऱ्या केसांत उतरत होतं.

आम्ही दोघींनी वहिनींना उचललं. खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पंधरा दिवसांनी घरी आणलं आणि खिडकीजवळच्या खाटेवर ठेवलं. साहेबांची आरामखुर्ची खाटेशेजारी आली. औषधाच्या वेळा ते घड्याळ लावून पाळत. पण खाट बुटकी होती आणि खुर्ची उंच. वहिनींचं तोंड बघायचं तर वाकावं लागे. मी एका दुपारी गेले तर साहेब आरसा धरून बसले होते. आरशात वहिनींचा चेहरा होता.

"मला आरशात बघत जाऊ नका," वहिनी म्हणाल्या. "मी काय आभाळ हाय का?"

साहेबांनी आरसा पालथा मांडीवर ठेवला. मी आल्याचं त्यांनी बघितलं होतं. ते माझ्याकडे न वळता म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी वाकलो न्हाई."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातल्या एका कानाच्या डॉक्टरांकडे गेले. पन्नाशीच्या बाई होत्या. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, माझी लाल रेघसुद्धा. त्या सुरुवातीला हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "असे बरेच येतात माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "कान बरा होतो, पण माणसं आडवी व्हायला भितात. घेऊन या त्यांना."

मी साहेबांना रिक्षानं नेलं. त्यांनी टेबलावर झोपायला साफ नकार दिला. मनाई उठल्याशिवाय आडवं होता येत नव्हतं आणि आडवं झाल्याशिवाय डॉक्टरांना तपासता येत नव्हतं. डॉक्टरबाईंनी पेन घेतलं. मराठीत लिहिलं: आजपासून सर्व निर्बंध रद्द. आडवे झोपावे, वर पाहावे, वाकावे. सही केली, शिक्का मारला. साहेबांनी कागद डोळ्यांसमोर धरून वाचला, शिक्का अंगठ्यानं चाचपला, घडी करून खिशात ठेवला आणि टेबलावर चढले.

त्यांना मागे झोपवताना मी आणि नर्सनं खांदे धरले होते. टेबलाच्या लोखंडी कडेवर त्यांची बोटं पांढरी पडली. डॉक्टरबाई त्यांच्या डोळ्यांत बघत राहिल्या. उजवीकडे, मग डावीकडे. बुबुळं स्थिर होती.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा कान तीन वर्षांपूर्वीच बरा झालाय."

घरी आल्यावर साहेबांनी माझा ताव भिंतीवरून सोलून काढला. तीन वर्षांच्या उन्हानं लाल रेघ गुलाबी झाली होती. त्या जागी नवा कागद चिकटवला. मला वाटलं, झालं. माझ्या मनावरचं ओझं उतरलं, असं खरं सांगायचं तर.

दुसऱ्या सकाळी गेले तर आरामखुर्चीत उशा होत्या आणि त्यांवर डोक्याचा खळगा होता.

"झोपला नाहीत?"

साहेबांनी डोळ्यांनी नाही म्हटलं.

"कागद आहे ना आता. शिक्का आहे."

"कागद खरा हाय, बाई." त्यांनी खिशातून पाणसळ काढून दोन्ही हातांत धरली. "झरीच्या त्या पोराला मीच सांगितलतं. दगड परत बसवला तरी खालची माती पोकळ ऱ्हाती. माझ्या कानात तसंच हाय. काल टेबलावर तुमी धरलं होतं. हितं कोन धरंल?" आणि अगदी हळू म्हणाले, "हुकूम होता तवर बरं होतं. मनाई हाय म्हनता येत होतं. आता म्हनावं लागंल की भ्या वाटतंय."

खाटेवरून वहिनी सगळं ऐकत होत्या. मला खुणेनंच म्हणाल्या, तुम्ही जा आता.

त्यानंतर वहिनी आठ महिने जगल्या, आणि साहेब त्यांच्यामागे बरीच वर्षं. त्या आठ महिन्यांत मी त्यांना वाकून वहिनींच्या पायांना तेल लावताना बघितलं, तांब्यानं पाणी पिताना बघितलं. मध्येच कधी ते एकदम थांबायचे, कठडा धरायचे, खिशात हात घालायचे. भीती अशी पुरती गेली नाही. पुढे एकटेच चारठाण्याला जाऊन फरशीवर झोपून आले आणि आकडे सांगायला कुणी नव्हतं म्हणून मला येऊन सांगितले. मी ते लिहून ठेवले आहेत. पण तुम्हाला जे सांगायचं होतं ते त्या सकाळनंतर तीन-चार दिवसांनी घडलं.

दुपारचे तीन वाजले असतील. मी वहिनींसाठी मऊ भात आणि मेतकूट घेऊन गेले. दार लोटलेलं होतं. मी हाक मारणार होते, तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला.

"आता डोकं टेका. हळू."

मी दारातच थांबले. खाटेला लागून जमिनीवर सतरंजी अंथरलेली होती आणि साहेब तिच्यावर उताणे झाले होते, शेत मोजायची साखळी ताणून ठेवावी तसे ताठ. एक हात वर करून त्यांनी वहिनींचा लोंबता हात धरला होता. डोक्यापाशी, शहाबादी फरशीवर, पाणसळ ठेवलेली होती. ती त्यांना दिसत नव्हती. आडवं झालेल्या माणसाला आपल्या डोक्यामागचं दिसत नाही. वहिनी चांगल्या कुशीवर होत्या, खाटेच्या कडेशी.

"बुडबुडा बघ," साहेब म्हणाले. "मधी हाय का?"

"मधीच हाय."

"हलला का?"

"न्हाई."

"नीट बघ."

"नीटच बघायलेय. जाग्यावर हाय समदं. घर बी, जिमीन बी. तुमी डोळे मिटा."

साहेबांनी श्वास सोडला. तो लांब होता, मला दारापर्यंत ऐकू आला. हाताची मूठ सैल झाली, पण हात सुटला नाही. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, अर्धवट झोपेत, "मधी हाय ना?"

"मधीच हाय," वहिनी म्हणाल्या.

मी भाताची वाटी उंबऱ्याच्या आत ठेवली, तिच्यावर ताटली झाकली आणि दार पुन्हा लोटून घेतलं. घेता घेता एकदा आत बघितलं. वहिनींची नजर पाणसळीवर नव्हती. एवढा वेळ त्या साहेबांच्या तोंडाकडेच बघत होत्या.